रोजा आणि कामाची पाळी

रमजानमध्ये रोजा ठेवणारे सहकारी पहाटेच्या सेहरीनंतर थेट सूर्यास्ताला इफ्तार करतात. मधल्या काळात अन्न नाही, पाणीही नाही. पहाटे उठल्याने झोपही मोडते. संयुक्त अरब अमिरातीत या महिन्यात खासगी नोकरदारांचे काम रोज २ तासांनी कमी होते. तिथल्या मराठी कर्मचाऱ्यांनाही ही सवलत मिळते.

आपल्याकडेही बरेच करता येईल. अवघड, अंगमेहनतीची कामे सकाळी द्या. संध्याकाळच्या बैठका टाळा. नमाजाला स्वच्छ कोपरा आणि इफ्तारला थोडी सुटी द्या. कुणाला चक्कर आली तर काम लगेच थांबवा. आजारपणात रोजा सोडायची मुभा धर्मानेच दिली आहे. मात्र कुणी रोजा ठेवला नसेल, तर कारण विचारू नका. सहकाऱ्याची काळजी घेणे हे आपले कर्तव्यच आहे.