स्मरणशक्तीची परीक्षा आणि आपले वडीलधारे
(मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात दिलेले भाषण)



'साठी बुद्धी नाठी' असे आपण सहज म्हणून जातो. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वयोमानाने चालायचेच. परंतु रोजच्या वाटेवर चुकणे, तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारणे, पैशाचा हिशेब न उमगणे ही स्मृतिभ्रंशाची, म्हणजेच डिमेन्शियाची लक्षणे असू शकतात. हा मेंदूचा विकार आहे. आपल्या देशात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना तो असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मांडला आहे.

तो ओळखण्याची पहिली पायरी म्हणजे स्मरणशक्तीची चाचणी. फोल्स्टीन पती-पत्नी आणि मॅकह्यू यांनी १९७५ साली अमेरिकेत ३० गुणांची एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. ती जगभर वापरली गेली. आज तारीख कोणती, आपण कोठे आहोत, हे तीत विचारतात. तीन शब्द सांगून थोड्या वेळाने ते आठवायला लावतात. शंभरातून सात-सात वजा करायला, लिहिलेली सूचना वाचून तसे करायला, एक वाक्य लिहायला आणि आकृती पाहून काढायला सांगतात.

मित्रहो, येथेच आपण थांबून विचार केला पाहिजे. जिला शाळेची पायरी चढूच दिली नाही, अशा आपल्या आजीने वाक्य कसे लिहावे? तिचे गुण गेले ते स्मृती गेली म्हणून नव्हे, तर पाटी-पेन्सिल हाती आली नाही म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या नाकारलेल्या शिक्षणाला आजार ठरविणे हा दुहेरी अन्याय होय.

या अडचणीवर आपल्याच देशात उत्तर शोधले गेले. हरियाणातील बल्लभगड परिसरातील खेड्यांत भारतीय व अमेरिकी संशोधकांनी निरक्षर वृद्धांसाठी या चाचणीचे हिंदी रूप तयार केले. ते १९९५ साली प्रसिद्ध झाले. 'डोळे मिटा' हे वाचायला देण्याऐवजी तपासणाऱ्याने स्वतः डोळे मिटायचे आणि 'मी करतो तसे करा' म्हणायचे. वाक्य लिहायला लावण्याऐवजी 'आपल्या घराविषयी काही सांगा' असे विचारायचे. अक्षरओळख बाजूला ठेवून बुद्धी तपासता येते, हे त्यांनी दाखवून दिले. उलट बाजूही लक्षात घ्यावी. चांगला शिकलेला मनुष्य आजार सुरू झाल्यावरही पुष्कळ गुण मिळवू शकतो.

म्हणून नुसत्या गुणांवर निदान होत नाही. डॉक्टरांना वडीलधाऱ्यांचे शिक्षण, व्यवसाय आणि बोलीभाषा आधी सांगा. चष्मा व श्रवणयंत्र असल्यास बरोबर न्या. कमी ऐकू येणे म्हणजे विसरणे नव्हे. पूर्वी काय जमत होते, आता काय जमत नाही आणि केव्हापासून, हे लिहून न्या. आम्हा बँकेतल्या लोकांना पेन्शनरांची बदललेली सही दिसते. पण ती हात थरथरल्याने बदलली की विसरल्याने, हे घरच्यांनाच ठाऊक असते. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार आणि खिन्नता यांमुळेही विसरणे वाढते. त्यांवर उपचार आहेत, म्हणून रक्ततपासणी टाळू नका. काही महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा करून तुलना केली, म्हणजे उतार खरा आहे की नाही ते समजते.

विद्यार्थी मित्रांनो, घरी मात्र आजी-आजोबांची परीक्षा घेऊ नका. 'सांग पाहू, मी कोण?' असे चारचौघांत विचारल्याने त्यांचा केवळ अपमान होतो. त्यापेक्षा 'आजी, मी अमुक' असे आपणच सांगावे. आईवडिलांचा सांभाळ हे मुलांचे कर्तव्य असल्याचे भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात सांगितले आहे. ज्यांनी स्वतः अंगठा उठवून आपल्याला सही करायला शिकविले, त्यांची स्मृती क्षीण होत असेल, तर ती वेळीच आणि सन्मानाने तपासून घेणे हा त्याच कर्तव्याचा भाग होय.