कीबोर्ड कोणता घ्यायचा? आधी वाजवणाऱ्याला विचारा

मी बेंगळुरूच्या के. आर. पुरममधून बोलतोय. ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, इथलं रेल्वे स्टेशन, सगळे ज्याला हँगिंग ब्रिज म्हणतात तो केबलचा पूल आणि टिन फॅक्टरीची वाहतूक, या तीन गोष्टींनी आमची ओळख आहे. तिसरी गोष्ट आजच्या विषयात पुन्हा येणार आहे.

विषय माझ्या पेशातला नाही. मी फौजेत नोकरी केली. संगीतात मला पेटीवरचा सा ओळखता येतो, त्यापुढे फारसं नाही. पण एक चूक माझ्या हातून झाली आणि ती निस्तरताना मी बरंच शिकलो. ते सांगावंसं वाटलं.

आमच्या भागातल्या मराठी कुटुंबांचा एक छोटा गायनवृंद आहे. दहा-बारा जण. भावगीतं, नाट्यगीतं, अभंग, आणि गणपतीत लोकांनी आग्रह केला तर एखादी लावणी. ढोलकी-तबल्याला एक जण, ऑक्टोपॅडवर एक, एक बेस गिटारवाला आणि कीबोर्डवर एक तरुण मुलगा. तो आयटी कंपनीत आहे, मूळचा सांगलीकडचा. त्याचा कीबोर्ड जुना झाला होता, दोन पट्ट्या अडकायच्या. वर्गणीचे पैसे माझ्याकडे होते. मी ठरवलं की पोराला चकित करायचं. दुकानात गेलो, चांगल्यात चांगलं काय ते विचारलं आणि ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेऊन आलो. चाळीस हजारांच्या आत बसला, म्हणून स्वतःवरच खूश होतो.

पहिल्या कार्यक्रमात काय झालं ते ऐका. वाद्याचं वजन साडेअकरा किलो, लांबी सव्वा मीटरहून जास्त. रिक्षात मावेना. टिन फॅक्टरीच्या गर्दीत दुसरी गाडी मिळेपर्यंत पाऊण तास गेला. स्टेजवर पोचलो तर साउंडवाल्याला द्यायला वेगळं आउटपुट नाही, फक्त हेडफोनचं भोक. त्यातून जोडलं तर स्पीकरमध्ये घरघर. पहिली गायिका काळी चारमध्ये गाणारी, पुढचा गायक काळी एकचा. सूर बदलायचा तर एक बटण दाबून धरून वर दुसरी पट्टी दाबायची, तीही अंधारात. आणि बासरीचा तुकडा आला तेव्हा या वाद्यात बासरीच नव्हती. पोरानं तो पियानोच्या आवाजात वाजवला. लोक हसले नाहीत, पण त्याचा चेहरा मला दिसत होता.

त्यानंतर दोन महिने तो तालमीला आला नाही. ऑफिसात काम आहे म्हणायचा. शेवटी मी त्याच्या घरी गेलो. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग तो म्हणाला, ‘काका, वाद्य उत्तम आहे हो. पण ते घरी बसून एकट्यानं वाजवायचं आहे. तुम्ही एकदा विचारलं असतं तर?’

हे मला लागलं. फौजेत आम्ही नव्या अधिकाऱ्याला पहिल्याच वर्षी शिकवतो की जो जवान पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढणार आहे, त्याला विचारल्याशिवाय त्याचं सामान ठरवू नकोस. मी नेमकं तेच केलं होतं, तेही दुसऱ्यांच्या पैशानं.

मग मी त्यालाच गुरू केलं. तो जे दाखवत गेला, आणि मी स्वतः जे वाचलं-ऐकलं, ते आता सांगतो.

पहिली गोष्ट पट्ट्यांची. पियानोच्या ८८ पट्ट्या म्हणजे सात सप्तकांहून थोडं जास्त. पट्टीखाली हातोडीसारखं वजन असतं, त्यामुळे हलकं दाबलं तर हळू, जोरात दाबलं तर मोठा आवाज, हा फरक बोटांत उतरतो. एकटा माणूस वाजवत असेल तर डाव्या हातानं खर्ज, उजव्यानं चाल, असं सगळं त्यालाच भरायचं असतं. तिथे ही सात सप्तकं उपयोगी पडतात. वृंदात मात्र खर्जाला बेस गिटार आहे, ढोलकीची धुम आहे. कीबोर्डवाल्याचा डावा हात तिथे घुसला की सगळा गोंधळ. म्हणून वृंदातले अनुभवी वादक मुद्दाम कमी वाजवतात. त्यांना ६१ पट्ट्या, म्हणजे पाच सप्तकं, पुरतात. शिवाय हलक्या पट्टीवर सतारीचे, संतूरचे जलद तुकडे सोपे जातात. जड पट्टीवर बोटं दमतात.

दुसरी गोष्ट मींड. आपल्या संगीतात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं हा जीव आहे. पेटीला ते जमत नाही, म्हणून तिच्यावर टीका झाली. आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. पण इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या डाव्या अंगाला एक चाक किंवा दांडी असते, पिच बेंड. उजव्या हातानं पट्टी दाबायची आणि डाव्या हातानं सूर वाकवायचा. बहुतेक वाद्यांत तो दोन स्वरांतरं वर किंवा खाली जातो, आणि वादक हवी तेवढी मर्यादा ठेवतात. पं. अजय पोहनकरांचे चिरंजीव अभिजित पोहनकर कीबोर्डवर रागसंगीत वाजवतात. चेन्नईचे के. सत्यनारायणन कर्नाटक संगीत वाजवतात, आणि तिथे तर गमकाशिवाय पान हलत नाही. अशा वादकांना दोनशे आवाज नकोत, एकच आवाज हवा, पण तो हवा तसा वाकला पाहिजे. मी घेतलेल्या पियानोला हे चाकच नव्हतं.

तिसरी गोष्ट जरा बारीक आहे. कीबोर्डच्या सप्तकात बारा सूर सारख्या अंतरानं बसवलेले असतात. तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार त्यापेक्षा किंचित खाली असतो. दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर साधारण चौदा भाग खाली. अनेक कीबोर्डमध्ये प्रत्येक सूर असा वरखाली करायची सोय आहे, तिला स्केल ट्यूनिंग म्हणतात. ख्यालाला किंवा नाट्यगीताला साथ करणारे ती वापरतात. पण शेजारी गिटार असेल तर तिचे पडदे समान अंतरानंच बसवलेले असतात, मग तुमचा शुद्ध गंधार तिच्याशी भांडतो. म्हणजे एकट्यासाठी जे सुरेल, तेच वृंदात बेसूर वाटू शकतं. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

आता थोडा इतिहास, कारण एकटा आणि समूह हा प्रश्न जुना आहे. मिनीमूग हा सिंथेसायझर १९७० साली आला. त्यात एका वेळी एकच सूर वाजायचा. पियानोच्या हिशेबानं हे अपंगत्व झालं. पण आपल्या मुंबईच्या सिनेसंगीतात केर्सी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात मूग आणला, तेव्हा शेजारी पन्नास-साठ वादकांचा ताफा बसलेला असायचा. बाकी सगळं भरायला माणसं होती. तिथे एकच, वेगळा आणि घसरणारा सूर हवा होता.

याच्या उलट गोष्ट चरणजित सिंग यांची. तेही मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक. १९८२ साली त्यांनी दहा रागांची एक तबकडी केली, साथीला डिस्कोचा ठेका. वाद्यं तीनच, तिन्ही रोलँड कंपनीची. ज्युपिटर-८ वर रागाची चाल, टीआर-८०८ वर ठेका आणि टीबी-३०३ वर खर्ज. यातलं टीबी-३०३ मुळात एकट्या वादकाला बेस गिटारची साथ मिळावी म्हणून बनवलं होतं. ते बाजारात चाललं नाही, १९८४ मध्ये बंद झालं. सिंग यांची तबकडीही तेव्हा फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरच्या लोकांनी कान टवकारले, कारण परदेशात पुढे ॲसिड हाउस म्हणून गाजलेल्या संगीताशी तिचं विलक्षण साम्य होतं. एका माणसाला पूर्ण वृंद व्हायचं होतं, म्हणून त्यानं ही तीन वाद्यं निवडली.

आजही तीच विभागणी दिसते. लग्नात किंवा हॉटेलात एकटा गाणारा-वाजवणारा अरेंजर कीबोर्ड घेतो. डाव्या हातानं स्वरमेळ धरला की ठेका, बेस, साथ आपोआप सुरू. त्यात आता दादरा, केहरवा, भजनी असे ठेके, तबला आणि तंबोराही मिळतो. पण वृंदात खरा तबलजी बसलेला असताना हा आपोआप ठेका बंदच ठेवावा लागतो, मग त्याचे पैसे कशाला द्यायचे? मोठ्या मराठी ऑर्केस्ट्रात तर बहुधा दोन कीबोर्डवाले असतात. एक व्हायोलिनच्या ताफ्याचा भरणा करतो, दुसरा बासरी, सतार, शहनाईचे तुकडे वाजवतो. त्यांना आवाज चटकन बदलता यायला हवेत, पायाखाली व्हॉल्यूमचं पेडल हवं, आणि पट्ट्यांचे दोन भाग करून एकीकडे एक, दुसरीकडे दुसरा आवाज ठेवता यायला हवा. रोलँडचा एक्सपीएस-१० आपल्याकडच्या स्टेजवर इतका दिसतो त्याचं कारण हेच. ६१ पट्ट्या, वजन जेमतेम चार किलो, भारतीय वाद्यांचे आवाज, आणि पाठीला अडकवून दुचाकीवर नेता येतो. तो जगातला सर्वोत्तम कीबोर्ड आहे असं कोणी म्हणत नाही. पण रविवारी दुपारी हाॅलवर पोचून दहा मिनिटांत तयार व्हायचं असेल तर तोच बरा.

मग आम्ही काय केलं? मंडळाच्या बैठकीत मी उभा राहून चूक सांगितली. पियानो मी स्वतःच्या पैशानं मंडळाकडून विकत घेतला. त्या रकमेतून ६१ पट्ट्यांचा एक वापरलेला कीबोर्ड आणला. निवडायला तो मुलगाच गेला, मी फक्त सोबत होतो. दुकानात त्यानं एकही मोठं गाणं वाजवलं नाही. आधी उचलून पाहिलं. मग मागची भोकं मोजली. मग बासरीचा आवाज लावून पंचमावरून निषादावर तीन वेळा घसरला आणि म्हणाला, ‘हा चालेल.’

पियानो आता माझ्या बैठकीत आहे. शनिवारी संध्याकाळी तो येतो आणि तासभर एकटा वाजवतो. तेव्हा कळतं की वाद्य खरंच उत्तम होतं. जागा चुकली होती.

तुमच्या मुलासाठी, नातीसाठी किंवा मंडळासाठी कीबोर्ड घ्यायचा असेल तर दुकानात जाण्याआधी एवढंच विचारा. एकटं वाजवणार की चौघांत? बसून, घरात, की फिरून? साथ माणसं करणार की यंत्र? मींड लागणार का? गाणारे किती, आणि कोण कुठल्या सुरात गातं? आणि शेवटी, तो उचलून कोण नेणार? या प्रश्नांची उत्तरं दुकानदाराकडे नसतात. जो वाजवणार आहे त्याच्याकडे असतात. त्याला चकित करायच्या नादात माझ्यासारखं करू नका. विचारलं तर गंमत थोडी कमी होईल, पण माणूस तालमीला येत राहील.