घरभाडे : मिळकत आणि जबाबदारी

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



निवृत्तीच्या वेळी हाती आलेला पैसा कोठे गुंतवावा, हा प्रश्न आपल्या घराघरांतून निघतो आणि त्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते : एक जागा घेऊन ठेवावी, ती भाड्याने द्यावी, म्हणजे म्हातारपणाची सोय झाली. या उत्तरात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच आहे. घर विकत घेणे ही केवळ सुरुवात होय. ते नीट सांभाळले तरच त्याची मिळकत होते. आज आम्ही बोलणार आहोत ते या सांभाळण्याविषयी.

प्रथम वडीलधाऱ्यांच्या मनातील भीतीचा विचार करू. भाडेकरू ठेवला की जागा गेली, असे ते म्हणतात. ही भीती अनाठायी नव्हे. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील जुन्या घरांना 1 सप्टेंबर 1940 रोजी असलेले भाडेच प्रमाण मानले. महागाई वाढत गेली, भाडे मात्र जागचे हलले नाही. डागडुजीचा खर्च त्यातून निघेना. मालकांनी हात आखडला आणि चाळींचे जिने-छपरे खचू लागली. अखेर 1969 साली शासनास अशा इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळा कायदा करावा लागला. पुढे 1 फेब्रुवारी 1973 रोजी जे परवान्याने राहत होते, त्यांनाही भाडेकरूंचे संरक्षण मिळाले. तात्पुरती म्हणून दिलेली खोली मालकास परत मिळेनाशी झाली. तथापि याच कायद्याने हजारो सामान्य कुटुंबांच्या डोक्यावरील छप्पर राखले, हेही न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे.

ती परिस्थिती आता पुष्कळ पालटली आहे. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे गोठविलेले भाडे अवाजवी ठरविले, आणि 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 अमलात आला. राहण्यासाठी जागा परवान्याने दिली आणि मुदत संपूनही ती सोडली नाही, तर मालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. तितक्या काळासाठी दुप्पट आकार मिळण्याची तरतूदही कायद्यात आहे. परंतु हे संरक्षण कागदाच्या बळावर उभे आहे. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी नको, असा समज आपल्यांत सर्रास आढळतो. तो महाराष्ट्रात चुकीचा आहे. करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली व पुढे वाद झाला, तर अटींविषयी भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. ओळखीतला माणूस आहे, आपल्या गावचा आहे, म्हणून कागद नको असे म्हणू नये. कागद स्वच्छ असला म्हणजे नातेही स्वच्छ राहते.

आता पैशाचा हिशेब. समजा, चाळीस लाखांची एक सदनिका घेतली. वीस लाख स्वतःचे घातले व उरलेले वीस लाख दरसाल 9 टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी कर्जाऊ काढले. बँकेचा मासिक हप्ता सुमारे 18,000 रुपये येतो. भाडे समजा 12,000 रुपये, म्हणजे वर्षाला 1,44,000. त्यातून संस्थेची वर्गणी 18,000, नगरपालिकेचा कर 6,000, दुरुस्तीस 12,000 आणि जागा रिकामी राहिल्याचा एक महिना म्हणून 12,000 वजा करावे. हाती उरतात 96,000. हप्ते मात्र 2,16,000 रुपयांचे. वर्षाकाठी 1,20,000 रुपयांची तूट पगारातून अथवा निवृत्तिवेतनातून भरावी लागेल. भाडे आपोआप कर्ज फेडील, हा भ्रम या साध्या बेरीज-वजाबाकीने दूर होतो. बँक जितके देते तितके आपणांस पेलेलच असे नाही. मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च यांची तजवीजही आधीच करून ठेवावी.

म्हणून आमची विनंती अशी की, जागा घेण्यापूर्वी सहा महिन्यांचे हप्ते बाजूस ठेवावेत आणि भाडे शून्य धरूनही संसार चालेल काय, हे पाहावे. उत्तर नाही आले, तर जागा लहान घ्यावी अथवा थांबावे. भाडे बँकेमार्फत घ्यावे व त्याची नोंद ठेवावी. प्राप्तिकराच्या हिशेबात, मालकाने नगरपालिकेस भरलेला कर वजा केल्यावर उरलेल्या भाड्यावर 30 टक्के वजावट मिळते; तिच्यासाठी दुरुस्तीच्या पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. गृहनिर्माण संस्था बिनभोगवटा शुल्क घेत असेल, तर ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून अधिक नसावे, असा शासनाचा 2001 चा आदेश आहे, तोही ध्यानात ठेवावा.

भाडेकरूशी वागणूक हा शेवटचा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. नळ गळतो असे त्याने सांगितले, तर त्याच आठवड्यात माणूस पाठवावा. अनामत वेळेवर परत करावी. नवे भाडे ठरविताना चांगला माणूस टिकविण्याची किंमतही जमेस धरावी. हजार रुपयांच्या वाढीसाठी त्यास घालवून दोन महिने जागा रिकामी ठेवणारा मालक तोट्यातच जातो.

आणि ज्ञातिसंघाच्या या व्यासपीठावरूनच एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. शहरात खोली शोधताना आडनाव ऐकून दार लावून घेतले गेल्याचा अनुभव आपल्यांतील कित्येकांच्या वाडवडिलांनी घेतला आहे. आज आपल्यापैकी काहींच्या हाती किल्ल्या आल्या आहेत. दारात आलेल्या माणसास त्याचे काम विचारावे, मागच्या मालकाकडे चौकशी करावी, पोलीस ठाण्यास माहिती द्यावी. परंतु त्याची जात विचारू नये. जे आपणांस सोसावे लागले ते आपल्या हातून दुसऱ्यास सोसावे लागू नये.

आपल्या मुलांच्या हाती घराचे कागद देताना त्यांबरोबर हा हिशेब आणि ही माणुसकी, दोन्ही द्यावीत, अशी आपणां सर्वांस विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.