विम्याचे हस्तांतर आणि विमेदाराचा हक्क



वसंतातली संध्याकाळ आणि विषय विम्याच्या हस्तांतराचा! वक्त्याने श्रोत्यांची परीक्षाच पाहायचे ठरवले आहे, असे तुम्ही म्हणाल. पण इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या कपाटात, कपड्यांच्या घडीखाली, एक तरी पॉलिसी जपून ठेवलेली असेल. तुम्ही वीस वर्षे हप्ते भरलेत आणि एके दिवशी पत्र आले, की तुमची पॉलिसी आता दुसऱ्या कंपनीकडे गेली. तर काय करावे? एवढाच माझा प्रश्न आहे.

कारखाना विकला गेला की कामगार पहिला प्रश्न विचारतो, ‘माझी जुनी नोकरी नवा मालक धरणार की नाही?’ विमेदाराचा प्रश्नही हाच. भरलेले हप्ते, जमलेला बोनस, कबूल केलेली रक्कम नवी कंपनी मानणार ना? फरक एवढाच की कामगार दाराशी एकत्र उभे राहू शकतात. विमेदार गावोगाव विखुरलेले, एकमेकांचे तोंडही न पाहिलेले. म्हणून हा व्यवहार तपासणारा कोणीतरी हवा.

आपल्याकडील सर्वांत मोठे हस्तांतर 1956 चे. ते घडविणारे अर्थमंत्री आपल्याच जिल्ह्याचे, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. विमेदारांचा पैसा मालक स्वतःच्या उलाढालींसाठी कसा वापरतात, याचा पाढा फिरोज गांधींनी डिसेंबर 1955 मध्ये लोकसभेत वाचला होता. 1951 साली मुंबईत स्थापन झालेली विमा कर्मचाऱ्यांची अखिल भारतीय संघटनाही राष्ट्रीयीकरण मागत होती. 19 जानेवारी 1956 ला वटहुकूम निघाला. 154 देशी कंपन्या, 16 परदेशी कंपन्या आणि 75 प्रॉव्हिडंट सोसायट्या अशा 245 संस्थांचा आयुर्विमा एका छत्राखाली आणून 1 सप्टेंबरला महामंडळ उभे राहिले. तोवर चिंतामणराव मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन मोकळे झाले होते.

कायद्याने पॉलिसींना केंद्र सरकारची हमी दिली. पण त्याच कायद्यात 14 वे कलमही घातले. ज्या कंपनीची आर्थिक स्थिती खालावलेली, तिच्या पॉलिसींच्या रकमा कमी करण्याची मुभा त्याने दिली. गळकी घागर दुसऱ्याच्या डोक्यावर दिली म्हणून ती गळायची थांबत नाही!

आणि नवा मालक सरकार असले तरी डोळे मिटून चालत नाही. 1957 मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत सव्वा कोटीच्या आसपास रुपये गुंतविले. त्यावरही सभागृहात जाब विचारला तो फिरोज गांधींनीच. 1958 च्या आरंभी न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारींना जावे लागले. कोणाकडे पैसा आहे यापेक्षा तो कोणाच्या नजरेखाली आहे, हे महत्त्वाचे.

1999 च्या कायद्यानंतर खाजगी कंपन्या पुन्हा आल्या, त्यांचे हस्तांतरही आले. ऑक्टोबर 2022 मध्ये एक्साइड लाइफ ही कंपनी एचडीएफसी लाइफमध्ये विलीन झाली. असे व्यवहार दोघांनी हात मिळविले की पुरे होत नाहीत. 1938 च्या विमा कायद्याची 35 व 36 ही कलमे त्यांची वाट आखून देतात. अर्जाच्या दोन महिने आधी प्राधिकरणाला सूचना द्यायची. कराराचा मसुदा, ताळेबंद आणि विमागणितज्ञाचा अहवाल कचेऱ्यांत विमेदारांना पाहण्यासाठी खुला ठेवायचा. तो गणितज्ञही असा, की ज्याचा मागील पाच वर्षांत या कंपन्यांशी व्यावसायिक संबंध आलेला नाही. मग विमेदारांच्या हरकती विचारात घेऊन प्राधिकरणाने निर्णय द्यायचा.

कंपनीच अडचणीत असली तर गुंता वाढतो. सहारा इंडिया लाइफच्या पॉलिसी आयसीआयसीआय प्रुडेन्शियलकडे देण्याचा 2017 चा हुकूम जानेवारी 2018 मध्ये अपिलात रद्द झाला. 2 जून 2023 ला प्राधिकरणाने त्या सुमारे 2 लाख पॉलिसी एसबीआय लाइफकडे सोपविल्या. अकरा दिवसांत मुंबईच्या रोखे अपील न्यायाधिकरणाने त्याला स्थगिती दिली. कंपनीची बाजू ऐकली जावी, हे मला मान्य आहे. पण हप्ता भरणाऱ्या माणसाने या ओढाताणीत कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?

आता सुरुवातीच्या पत्राकडे येतो. ते पत्र येईलच, असे समजू नका. प्रत्येक विमेदाराला अर्जाची सूचना पाठविणे हे प्राधिकरणाने खास कारणासाठी तसे फर्माविले तरच बंधनकारक होते. एरवी जाहीर निवेदनावर भागते. ज्याला बातमीच कळली नाही, तो हरकत कशी घेणार? म्हणून माझे मागणे साधे आहे. हस्तांतराआधी प्रत्येक विमेदाराला त्याच्या भाषेत, एका पानात पत्र गेलेच पाहिजे: माझी रक्कम, माझा बोनस, माझा हप्ता यांचे काय होणार आणि हरकत कोठे, केव्हापर्यंत नोंदवायची.

तोवर आपले काम आपण करू. पॉलिसीवरचा पत्ता आणि वारसाचे नाव बरोबर आहे ना, हे आज घरी गेल्यावर पाहा. हस्तांतराची बातमी दिसली तर शाखेत जाऊन कागद मागा. समजले नाहीत तर शेजारच्या जाणकाराला बरोबर न्या, आणि हरकत असेल तर दहा जण मिळून लेखी द्या. कायद्याने खिडकी ठेवलेली आहे. तिच्यापाशी कोणी उभेच राहिले नाही, तर ती बंद करणाऱ्याला दोष कसा द्यावा?