कूळ आणि कागद



अमेरिकेच्या सरहद्दीवरचा वसाहतकरी डॅनियल बून याच्या पराक्रमाच्या कथा पुष्कळ आहेत. पण त्याचे कूळ शोधायचे तर कथा बाजूला ठेवून दप्तरच उघडावे लागते.

त्याचा आजा जॉर्ज बून हा इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातला विणकर. १७१७ साली तो पेनसिल्व्हेनियात आला. बाप स्क्वायर, तोही विणकरच. डॅनियलचा जन्म १७३४ चा. घराणे क्वेकर पंथाचे. मुलांनी पंथाबाहेर लग्ने केली म्हणून स्क्वायरला पंथातून काढल्याची नोंददेखील पंथाच्या वह्यांत सापडते. पुढे १८५१ साली लायमन ड्रेपर या संग्राहकाने डॅनियलचा मुलगा नेथन याच्याकडून घरच्या हकिकती लिहून घेतल्या. ते कागद विस्कॉन्सिनच्या इतिहास-संस्थेत जतन केलेले आहेत.

आम्ही कामगारांत आयुष्य काढले. हजेरीपटाची आणि पावतीची किंमत आम्ही जाणतो. म्हणून आम्ही विचारतो, या दप्तरात कोण नाही? केंटकीच्या रानात शॉनी लोक शिकार करीत. त्यांच्यापाशी खरेदीखत नव्हते. बूनच्या घरी राबणारे गुलाम करनोंदीत नुसत्या आकड्याने उरले. आणि खुद्द बूनच्याही जमिनी दाव्यांत गेल्या. मोजणी आणि नोंद कच्ची होती! १७९९ साली त्याने मिसुरीची वाट धरली.

वंशावळ अवश्य लिहा. पण नावापुढे धंदा लिहा, आणि त्या घरी राबलेल्यांची नावेही शोधा. नाही तर ती केवळ मालकांची यादी होईल.