पान कापा, पान चिकटवा

ज्यांनी मला मत दिलं नाही तरी आज पहिल्या रांगेत जागा धरून बसले आहेत ते सगळे साहित्यप्रेमी,

छापील भाषण तुमच्या हातात आहे. त्यात आभार आहेत, ग्रामदैवत आहे, या मातीत होऊन गेलेले संत आहेत. ते घरी जाऊन वाचा. अध्यक्षाच्या हातात माईक एकदाच येतो, आणि माझ्या हातात तो फार उशिरा आलाय. तेव्हा मी दुसरंच बोलणार आहे.

अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दिवसांत एक वाक्य जिल्हाभर फिरवलं गेलं: ‘बाई सूच्या करतात, साहित्य कुठे लिहितात?’ कुणी फिरवलं ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या सद्गृहस्थांच्या कादंबऱ्या मी वाचनालयात दाखल करून घेतल्या, शिक्के मारले, कपाटात लावल्या. त्या अजून तशाच कोऱ्या करकरीत आहेत. त्यांना उत्तर एवढंच, की 1931 मध्ये हैदराबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष श्रीधर व्यंकटेश केतकर होते आणि 1954 मध्ये दिल्लीला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. केतकरांनी 23 खंडांचा ज्ञानकोश केला, तोही लोकांकडून पैसा उभारून. तर्कतीर्थांनी पुढे वाईत बसून विश्वकोश उभा केला. त्यांना कारकून म्हणायचं असेल तर म्हणा. त्यांच्या टेबलाशेजारी मला स्टूल मिळालं तरी पुष्कळ.

आता कारकुनीचंच ऐका.

सोव्हिएत रशियात एक महाकोश निघत होता. त्याच्या पाचव्या खंडात गुप्त पोलिसांचा प्रमुख लाव्हरेंती बेरिया याच्यावर लांबलचक नोंद होती, छायाचित्रासकट. 1953 मध्ये स्टालिन गेला, काही महिन्यांत बेरियाला पकडलं आणि वर्ष संपायच्या आत गोळी घातली. मग वर्गणीदारांच्या घरी टपालाने नवी पानं आली. जुनी पानं कात्रीने नाहीतर पात्याने कापावीत आणि त्या जागी ही चिकटवावीत, अशी सूचना सोबत होती. नव्या पानांवर बेरिंग समुद्राची माहिती होती, जरुरीपेक्षा जरा जास्तच. वर्णानुक्रमात बेरियाचा शेजारी तो समुद्रच!

हा किस्सा लोक हसून सांगतात. मला हसू येत नाही. जिथे कोशाचं पान कापायला सांगता येतं, तिथे पिकाचा अंदाज, धरणाचा अहवाल, अणुभट्टीची चाचणी, सगळ्याचीच पानं कापली जातात. आणि कापायला लावणारा शेवटी तेच कापलेलं पुस्तक वाचून राज्य करतो.

जानेवारी 1937 ची सोव्हिएत जनगणना घ्या. स्टालिनने 1934 मध्येच पक्षाच्या भर अधिवेशनात लोकसंख्या 16 कोटी 80 लाख सांगून टाकली होती. तीन वर्षांनी मोजलं तर माणसं भरली 16 कोटी 20 लाखांच्या आसपास. जी कमी पडली त्यांतली लाखो माणसं युक्रेनमध्ये आणि कझाकस्तानात दुष्काळाने मेली होती, आणि त्या दुष्काळाचं नाव घ्यायची बंदी होती. सरकारने मोजणीच रद्द केली. जनगणना विभागाचा प्रमुख क्वित्किन याला गोळी घातली. 1939 मध्ये नव्या लोकांकडून पुन्हा मोजून घेतलं, तेव्हा 17 कोटी भरले. न भरून सांगतात कुणाला? आमच्या वाचनालयात दर पडताळणीला पुस्तकं कमी भरतात. म्हणून मोजणाऱ्या शिपायाला कुणी फासावर चढवत नाही. आपल्याकडची 2021 ची जनगणना 2021 मध्ये झाली नाही, हेही जाता जाता सांगून ठेवते. टाळ्या नकोत, नोंद घ्या.

नोंद घेणाऱ्यांचा शिरोमणी होता तिथला वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव. खंडोखंडी हिंडून त्याने बियाणं गोळा केलं. लेनिनग्राडच्या त्याच्या संस्थेत दोन लाखांच्या वर नमुने, प्रत्येक कुठल्या गावचा, कुठल्या उंचीवरचा, कशाशी जुळणारा, सगळं टिपलेलं. गव्हाचं नवं वाण काढायचं तर कित्येक वर्षं लागतात, असं तो खरं सांगायचा. शेतीतज्ज्ञ म्हणून मिरवणारा त्रोफिम लिसेंको म्हणायचा, दोन-तीन वर्षांत देतो. सत्तेला कोण आवडणार? लिसेंकोला आनुवंशिकताशास्त्रच मान्य नव्हतं. 1940 मध्ये वाव्हिलोवला अटक झाली. साऱ्या जगाचं धान्य ज्याने जमवलं तो माणूस जानेवारी 1943 मध्ये सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने मेला. त्याच सुमारास लेनिनग्राडला जर्मनांचा वेढा होता. संस्थेतले त्याचे सहकारी तांदळाच्या, शेंगदाण्याच्या पाकिटांशेजारी भुकेने गेले, पण पाकीट फोडलं नाही. या लोकांना कुठल्या संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं नाही.

ऑगस्ट 1948 मध्ये भर सभेत लिसेंकोने सांगितलं, माझं भाषण पक्षाच्या केंद्रीय समितीने मंजूर केलंय. तिथे त्या देशातलं आनुवंशिकताशास्त्र संपलं. प्राध्यापक घरी गेले, पाठ्यपुस्तकं मागे घेतली गेली. त्याच काळात मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ बोरलॉग गव्हाच्या नव्या वाणांच्या मागे लागला होता. त्याच्या बुटक्या गव्हाचं बियाणं पुढे आपण आणलं आणि आपली कोठारं भरली. ज्यांच्याकडे वाव्हिलोव होता त्यांच्यावर 1963 मध्ये कॅनडाकडून गहू विकत घ्यायची वेळ आली. अणुबॉम्ब स्वतःचा, पाव मात्र दुसऱ्याच्या गव्हाचा!

आता मागच्या रांगेतून कुजबुज येतेय: ‘मग स्पुटनिक? गागारिन?’ हा प्रश्न खरा आहे, टाळत नाही. रॉकेट वर जातं किंवा पडतं. अहवालात खोटं लिहून ते वर जात नाही. असं एकच ठरलेलं काम असेल तर हुकूमशहा पैसा, माणसं, तुरुंग सगळं त्याच्या मागे लावतो, आणि जमवतो. पण त्या रॉकेटचा शिल्पकार कोरोल्योव 1938 मध्ये पकडला गेला होता, कोलिमाच्या छळछावणीतून जेमतेम जिवंत परतला होता, आणि 1966 मध्ये मरेपर्यंत त्याचं नाव देशाला कळू दिलं नव्हतं. जिथे काय शोधायचं तेच आधी माहीत नसतं, तिथे मात्र हे चालत नाही. संगणकाचं बघा. त्यांच्याच लेबेदेव नावाच्या शास्त्रज्ञाने कीव्हमध्ये 1951 मध्ये संगणक चालवून दाखवला. तीनच वर्षांनी सोव्हिएत तत्त्वज्ञानाच्या कोशाने सायबरनेटिक्सला, म्हणजे यंत्रांच्या नियंत्रणाच्या शास्त्राला, प्रतिगामी थोतांड ठरवलं. साठच्या दशकाच्या शेवटी ठरलं की आता आयबीएमच्या यंत्रांची नक्कलच करू. झेरॉक्सचं यंत्र जिथे कुलपात ठेवतात, तिथे पोरं उघड्यावर काय शोध लावणार?

‘सोव्हिएत देश’ हे नियतकालिक आठवतंय का कुणाला? माझ्या वयाचे हसतायत, म्हणजे आठवतंय. आमच्या शाळेत वह्यांना त्याच्याच गुळगुळीत पानांची कव्हरं. गणिताच्या वहीवर हसरी ट्रॅक्टरवाली, भूगोलाच्या वहीवर गव्हाचं शेत. चार-आठ आण्यांत मिळालेल्या त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकांनी आमची पिढी घडली, ते ऋण मी नाकारत नाही. पण पुढे ग्रंथपाल झाल्यावर त्या नियतकालिकाचे जुने अंक मी विषयवार लावले. दुष्काळ, शून्य नोंदी. अपघात, शून्य नोंदी. एवढ्या अवाढव्य देशात वर्षानुवर्षं एक अपघात नाही! सूची केली नसती तर हे मला दिसलंच नसतं. साहित्यिकांनो, म्हणून सूची करतात.

अपघात होत होतेच. 1957 मध्ये उरल भागात अणुकचऱ्याची टाकी फुटली, ते जगापासून दडवलं. चेर्नोबिलच्या जातीच्या अणुभट्टीत नियंत्रक कांड्या आत घालताना क्षणभर शक्ती उलट वाढते, हे 1983 मध्ये दुसऱ्या केंद्रावर दिसलं होतं. ते कागदावर राहिलं. 26 एप्रिल 1986 ला, अपघाताच्या रात्री, ज्यांनी कांड्या आत घालायचं बटण दाबलं, त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. स्वीडनच्या अणुकेंद्रात किरणोत्सार सापडून बोभाटा झाला, तेव्हा कुठे 28 तारखेला मॉस्कोने चार ओळींचं निवेदन दिलं. आणि 1 मे ला कीव्हच्या रस्त्यावर मुलांची मिरवणूक निघाली. गुपित शत्रूपासून ठेवलं म्हणतात. ठेवलं ते स्वतःच्याच कामगारांपासून.

‘पण चीन?’ चीनने मोटारी केल्या, रेल्वे केली, मान्य. पण केव्हा? माओनंतर, प्रांतांना स्वतःचे प्रयोग करायची आणि फसलं तर फसलं म्हणायची मुभा मिळाल्यावर. 1958 मध्ये हेच प्रांत पिकाचे फुगवलेले आकडे वर पाठवत होते, त्या आकड्यांवर धान्य वसूल झालं, आणि कोट्यवधी माणसं मेली. आता पुन्हा दार लोटणं चाललंय. जून 2023 मध्ये शहरी तरुणांमधली बेकारी 21.3 टक्के निघाली, तेव्हा ऑगस्टपासून आकडा देणंच बंद केलं. पुढच्या जानेवारीत मोजायची रीत बदलून परत दिला.

आपण फार शहाणे आहोत असं समजू नका. जून 1975 मध्ये आणीबाणी लागली तेव्हा मी नोकरीत नवी होते. एका इंग्रजी दैनिकात अग्रलेखाची जागा कोरी आली. वरून तोंडी निरोप आला, तो अंक टेबलावर ठेवू नका. मी म्हटलं, लेखी द्या. लेखी कधीच आलं नाही. अंक टेबलावरच राहिला आणि निरोपाची तारीख मी नोंदवहीत लिहिली. त्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनाला दुर्गाबाई भागवत अध्यक्षा होत्या, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष. दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. आणि सेन्सॉर केलेल्या बातम्यांच्या देशात ज्यांना वाटलं की लोक खूश आहेत, त्या इंदिरा गांधी 1977 मध्ये रायबरेलीत स्वतःची जागाही हरल्या.

आता माझा मुद्दा. मराठीत इतिहास निघतो, चरित्रं निघतात, गौरवग्रंथ तर किलोने निघतात, आणि मागे सूची नसते. पाचशे पानांत कोणाचं नाव कुठे आलं ते शोधायचं तर अख्खं पुस्तक चाळा! लेखकाला ते सोयीचं असतं. पान 40 वर एक आणि पान 300 वर दुसरं लिहिलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्या स्वागताध्यक्षांच्या साखर कारखान्याच्या स्मरणिकेलाही सूची नाही, पण त्यांनी हा मांडव घातलाय, त्यामुळे त्यांच्याबद्दल मी काही बोलणार नाही. बाकीच्यांना सवलत नाही. तुम्ही म्हणाल, बाई, कुठे स्टालिन आणि कुठे आमची सूची! मी म्हणते, लपवायची सवय सूचीपासूनच लागते.

म्हणून खुल्या अधिवेशनात मी दोन ठराव मांडणार आहे. पहिला: सूची नसलेल्या ललितेतर पुस्तकाला या संस्थेचा पुरस्कार मिळणार नाही. दुसरा: संस्थेचा जमाखर्च आणि अध्यक्षाच्या निवडणुकीतली केंद्रवार मतं दरवर्षी छापायची, माझी पडलेली मतंसुद्धा. विरोध जरूर करा. फक्त चहाच्या टपरीवर करू नका. मांडवात उभं राहा, नाव सांगा आणि बोला. इतिवृत्त मी स्वतः लिहिणार आहे, आणि त्याला सूची असेल.