चहाची पुडी आणि घरातली पायताणे



ज्या व्यासपीठावरून वेदान्त ऐकायची आपल्याला सवय, तेथे आज चहा आणि चपला कशाला, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर मला दिसतो आहे. परंतु ओढगस्तीच्या दिवसांत संसाराची परीक्षा महिनाअखेरीस वाण्याच्या दुकानात होते, आणि तीत पुष्कळ शहाणे नापास होतात.

गरीब माणूस स्वस्त घेतो, ही समजूत खोटी आहे. पुष्कळदा तोच सर्वांत महाग घेतो. ज्याच्या हाती मजुरी रोज पडते तो चहाची लहान पुडी घेतो. पगारदार अर्धा किलो घेतो. पुडीची किंमत ग्रॅमने भागून पाहा, म्हणजे कोणाचा चहा महाग ते कळेल. २०२१ साली वेष्टनांच्या नियमांत दुरुस्ती होऊन ग्रॅमचा किंवा किलोचा भाव छापण्याची तरतूद झाली. तरतूद उत्तम आहे. ती अक्षरे वाचायला भिंग मात्र घरचे न्यावे लागते!

चहाचा भाव कपावर धरावा. कपाला दोन ग्रॅम पत्ती धरली तर अर्ध्या किलोत २५० कप होतात. आपला दाणेदार चहा म्हणजे सी.टी.सी.; त्याचे यंत्र १९३० साली आसामात विल्यम मॅकर्चर यांनी काढले. पान चिरडून, फाडून, वळवून दाणा होतो आणि त्याचा रंग, कडकपणा चटकन उतरतो. दुधासाखरेच्या उकळत्या चहाला हाच बरा. लांब पानाचा भारी चहा दुधात उकळणे म्हणजे पैठणीने भांडी पुसणे! मात्र जेवणाऐवजी चहा, ही काटकसर नव्हे. जेवणाबरोबर घेतलेला चहा तर अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. तासाभराचे अंतर ठेवावे.

आता पायताणे. यांची किंमत महिन्यांनी भागावी. समजा, २०० रुपयांचा जोड चार महिन्यांत फाटला, तर महिना ५० रुपये पडले; ६०० रुपयांचा दोन वर्षे टिकला तर २५. मुलांना हा हिशेब लागू नाही, कारण जोड झिजण्याआधी पाय वाढतो. थोरांची कोल्हापुरी वादीने शिवलेली असते, तळ पुन्हा बसवता येतो. पण जूनच्या पावसात ती घालू नये, तेथे रबरी चप्पलच शहाणी. आणि घरोघरी एक गोष्ट पाहा. जूनमध्ये मुलांचे बूट येतात, दिवाळीत वडिलांची चप्पल येते. तुटलेल्या अंगठ्याला पीन लावलेली चप्पल बहुधा आईची असते.

पण ६०० रुपये एकदम आणायचे कोठून? खरी अडचण येथे आहे, आणि नुसत्या उपदेशाने ती सुटत नाही. १८४४ साली इंग्लंडात रॉचडेल येथे २८ जणांनी, त्यांत विणकर पुष्कळ, आठवड्याला पेनी पेनी साठवून प्रत्येकी एक पौंड उभा केला आणि स्वतःचे दुकान काढले. आरंभी पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या. पुढे लवकरच चहा आला. आपल्याकडे १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. शेजारची कुटुंबे संघ करून महिन्याचा माल एकत्र मागवू लागली. चहा असा वाटून घेता येतो. चपला येत नाहीत, कारण पाय ज्याचा त्याचा. तेथे भिशी करावी. बारा घरांनी दरमहा ५० रुपये काढले की दर महिन्याला एका घरी ६०० येतात. चिठ्ठी कोणाचीही निघो. त्या पैशांतून कोणाचा जोड घ्यायचा ते घरात अगोदर ठरवावे. माझ्या मते, जिच्या चपलेला पीन आहे तिचा.